आमच्या क्लबची पोलादखरेदी

मिशिगनमधल्या आमच्या नेमबाजी क्लबात पगारी माणूस एकही नाही. गवत कापणं, गोळ्या अडवणारे मातीचे बांध पावसानंतर सारखे करणं, कुलपं बदलणं, सगळं सभासदच करतात. त्यामुळे स्टील चॅलेंज प्रकारच्या स्पर्धा सुरू करायचं मासिक सभेत ठरलं, तेव्हा पोलादी टार्गेटं कोणी बघायची यावर फार चर्चा झाली नाही. मी मूळचा भोसरी एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंट शॉपमधला, इकडे आल्यावर वाहन उद्योगात शिरलो. 'हा पोलादातला माणूस आहे' एवढं अध्यक्षांना पुरेसं होतं. एकाने सूचना मांडली, दुसऱ्याने अनुमोदन दिलं आणि कॉफी संपायच्या आत खरेदी माझ्या गळ्यात पडली.

आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की डोळ्यासमोर ऑलिंपिकची नेमबाजी येते. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ती. शांत, श्वास रोखून, कागदी नाहीतर इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर. ऑलिंपिकमध्ये धातूचं टार्गेट बघायचं तर हिवाळी खेळांतली बायॅथलॉन बघावी लागते. स्टील चॅलेंज हा वेगळाच पोरखेळ आहे, आणि हे मी प्रेमाने म्हणतोय. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या प्रकारात ठरलेल्या आठ मांडण्या आहेत. प्रत्येकीत पाच पांढऱ्या प्लेटी, त्यांतली शेवटची स्टॉप प्लेट. टायमरचा बीप झाला की पाचही प्लेटी वाजवायच्या, स्टॉप प्लेट सगळ्यांत शेवटी. बहुतेक मांडण्यांमध्ये हे पाच वेळा करायचं, त्यातली सगळ्यांत संथ वेळ सोडून द्यायची आणि उरलेल्या चारांची बेरीज. लागलं की टण्ण आवाज, नाही लागलं की शांतता. पुढे जाऊन कागदावरची भोकं मोजायची नाहीत, ती चिकटपट्टीने बुजवायची नाहीत. आमच्या क्लबातल्या सत्तरीच्या मंडळींना हा प्रकार आवडला तो मुख्यतः याच कारणाने, कारण यात चालावं लागत नाही.

(एच-वनवर असलेल्या मित्रांसाठी कंसात एक गोष्ट. नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला इथल्या फेडरल कायद्याने बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत. मी ग्रीन कार्ड हातात पडल्यावरच क्लबाची पायरी चढलो. कोणी हौसेने 'चल रे, काही होत नाही' म्हणालं तरी आधी नियम वाचा.)

खरेदीला पहिला खोडा घातला तो फुकटच्या मालाने. आमचे एक सभासद निवृत्त वेल्डर आहेत. त्यांच्या गॅरेजमागे पाऊण इंच जाडीच्या प्लेटी पडून होत्या. 'विकत कशाला घेता? मी गॅसच्या टॉर्चने गोल कापून देतो, मागे पाइप वेल्ड करून देतो, शनिवारपर्यंत तयार.' खजिनदारांचा चेहरा उजळला. आमचा पैसा येतो वार्षिक वर्गणीतून आणि पॅनकेक ब्रेकफास्टमधून, त्यामुळे 'फुकट' या शब्दाला क्लबात मोठं वजन आहे.

मी सभेत भाषण केलं नाही. शेडच्या मागे एक जुनी प्लेट गंजत पडली होती. पूर्वी कोणीतरी हौसेने टांगलेली, साध्या माइल्ड स्टीलची. ती ओढून आणली आणि टेबलावर ठेवली. तिचं तोंड आप्पेपात्रासारखं झालं होतं. प्रत्येक खळग्याला वर आलेली धारदार कड, काही खळग्यांत जॅकेटचे, म्हणजे गोळीवरच्या तांब्याच्या आवरणाचे, तुकडे अजून रुतलेले. वेल्डर आजोबांनी एका कडेवरून अंगठा फिरवला आणि लगेच मागे घेतला.

मुद्दा सगळा त्या खळग्यांत आहे. शिशाची गोळी सपाट आणि कठीण पृष्ठभागावर आपटली की तिचा चुरा होतो, आणि तो चुरा प्लेटच्या तोंडाला जवळजवळ समांतर, वीसेक अंशांच्या आत, कडेकडेने उडतो. म्हणजे तो कुठे जाणार हे आधी सांगता येतं. प्लेट किंचित पुढे झुकवली तर बराचसा थेट जमिनीत जातो. पण तोंडावर खळगा असला की गोळी त्यात शिरते, त्याच्या गोलाईवरून वळते आणि आली त्या दिशेने परत येऊ शकते. जाडी कितीही असो, पाऊण इंच की दीड इंच, मऊ पोलादात खळगा पडणारच. गोळी आरपार जाते का, हा पोलादी टार्गेटच्या बाबतीत प्रश्नच नसतो. तोंड सपाट राहतं का, एवढाच प्रश्न असतो. शेजारच्या एका क्लबात अशाच जुन्या प्लेटवरून उडालेला जॅकेटचा तुकडा मागे उभ्या असलेल्या बघ्याच्या गालात घुसला होता. टाके पडले, थोडक्यात निभावलं. ही गोष्ट आमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत होती, पण तिचा पोलादाच्या कडकपणाशी संबंध कोणी जोडला नव्हता.

आता आकडे. साधं माइल्ड स्टील ब्रिनेल या कडकपणाच्या मापाने साधारण १२० ते १४० भरतं. टार्गेटसाठी वापरतात ते एआर ५००, म्हणजे ५०० च्या आसपास. 'एआर' म्हणजे घासून न झिजणारं. हे मुळात टार्गेटसाठी बनलेलंच नाही. खाणीतल्या डंपरचे हौदे, उत्खनन यंत्रांच्या बादल्यांचे ओठ, खडी वाहणाऱ्या घसरगुंड्या यांच्यासाठी बनतं. आपल्याकडे टिपरच्या बॉडी बांधणाऱ्यांना हार्डॉक्स हे नाव माहीत असतं, ती त्याच घराण्यातली स्वीडिश प्लेट. ही ताकद मिळते क्वेंचिंग आणि टेंपरिंगमधून. लालबुंद प्लेट झपकन गार करायची, मग बेताने गरम करून तिचा ठिसूळपणा घालवायचा. आणि उष्णतेने जे दिलं ते उष्णतेने जातंही. अशी प्लेट अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापवू नका, असं बनवणारेच सांगतात.

वेल्डर आजोबांना हे पटायला वेळ लागला नाही. उलट त्यांनी लगेच पुढचा प्रस्ताव टाकला, 'मग हार्ड प्लेट आण, तीच कापतो.' इथे मला घाम फुटला, कारण माणूस दुखवायचा नव्हता. पण टॉर्चने कापलेल्या प्लेटची कड आतपर्यंत मऊ होते. दहा इंची गोल प्लेटच्या चारही बाजूंनी बोटभर रुंदीची मऊ किनार राहिली, तर गोळ्या लागतात त्यातला बराच भाग पुन्हा माइल्ड स्टीलच्याच लायकीचा. मागून ब्रॅकेट वेल्ड केलं तर नेमकी मधोमध मऊ जागा तयार. म्हणून प्लेट पाण्याच्या झोताने किंवा लेझरने कापलेली हवी, आणि टांगायची ती बोल्टने.

त्या रात्री भोसरीतल्या जुन्या मित्राला फोन लावला. तो अजून त्याच धंद्यात आहे, स्वतःची भट्टी आहे. त्याच्याकडे सकाळ, माझ्याकडे मध्यरात्र. मी विचारलं, काय काय बघू? तो म्हणाला, 'अरे, बघतोस काय? टीसी माग. टीसी नाही तर माल नाही. हीट नंबर टीसीवर एक आणि प्लेटवर दुसरा, असलं खपवून घेऊ नकोस. आणि कशाने कापलंय ते लिहून घे, तोंडी नको.' (टीसी म्हणजे प्लेटचं टेस्ट सर्टिफिकेट, हीट नंबर म्हणजे वितळवलेल्या पोलादाच्या घाण्याचा क्रमांक.) मग म्हणाला, 'अमेरिकेत पण हेच का रे सगळं?' हेच आहे.

तिघांकडून कोटेशन मागवलं. पहिला गडी फोनवरच माझ्याहून जास्त बोलला. प्लेट कोणत्या पोलाद कारखान्याची, कापणी कशी, बोल्ट कुठला, सगळं सांगून टीसी ईमेलने त्याच दिवशी पाठवलं. दुसऱ्याने टीसी कशाला हवं असं विचारलं, पण दिलं. तिसऱ्याचा भाव सगळ्यांत कमी होता आणि कागदाबद्दल त्याचं म्हणणं एवढंच, की आम्ही वर्षानुवर्षं हेच विकतोय. खजिनदारांना तिसरा आवडला होता. मी म्हटलं, दोघांकडून एकेक नमुना विकत घेऊ, पहिल्याकडून आणि या तिसऱ्याकडून, आणि तपासू.

कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत पकडलं. वरचा काळा पापुद्रा ग्राइंडरने, पाण्याखाली धरून, हलकेच काढला, कारण त्या पापुद्र्याखालचा पातळ थर आकडा खोटा दाखवतो. मग कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल यंत्राखाली ठेवून मध्यापासून कडेपर्यंत ओळीने ठसे घेतले. पहिल्याचा नमुना मध्यावर ५१ भरला, म्हणजे ब्रिनेलमध्ये पाचशेच्या अगदी जवळ, आणि कडेला टेकेपर्यंत जवळजवळ तेवढाच राहिला. तिसऱ्याचा मध्यावर ५० होता; पोलाद खरंच चांगलं होतं. पण कडेकडे जाता जाता आकडा चाळिशीत उतरला आणि शेवटचा ठसा तिशीत. प्लाझ्माने, म्हणजे विजेच्या तप्त झोताने कापलं होतं, तेही घाईत. खजिनदार यंत्राजवळ उभे राहून काट्याकडे बघत होते. त्यांनी पुन्हा भावाचं नाव काढलं नाही.

जाडीवरून वेगळंच राजकारण झालं. रायफलवाल्यांचा गट म्हणाला, घेताच आहात तर अर्धा इंची घ्या, आम्हालाही वापरता येतील. ऐकायला बरोबर वाटतं. पण पोलाद किती भरतं ते बघा. ३/८ इंच जाडीची प्लेट चौरस फुटाला पंधरा पौंडांच्या थोडी वर जाते. दहा इंची गोल प्लेट आठेक पौंड, बारा इंची बारा पौंड. यातली मोठी आयताकृती प्लेट १८ बाय २४ इंच, म्हणजे बरोबर तीन चौरस फूट, ४६ पौंड. तीच अर्धा इंची घेतली तर ६१. 'स्मोक अँड होप' नावाच्या एका मांडणीत अशा चार मोठ्या प्लेटी आणि एक बारा इंची लागते. म्हणजे ३/८ मध्येसुद्धा नुसतं पोलादच दोनशे पौंडांच्या घरात, स्टँड वेगळे. हे सगळं स्पर्धेच्या सकाळी शेडमधून काढून मांडायचं आणि संध्याकाळी परत ठेवायचं, आणि ठेवणारे कोण, तर ज्यांच्यातल्या निम्म्यांची गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. शिवाय रायफलच्या वेगवान गोळ्यांसाठी टार्गेट शंभर यार्डांवर लागतं, आमच्या पिस्तुलाच्या आवारात तेवढी लांबीच नाही. ठराव झाला: पिस्तूल आणि पॉइंट टू-टू (.२२ ची छोटी काडतुसं) साठी ३/८ इंच. त्यांच्यावर मोठ्या रायफलने मारणाऱ्याचं सभासदत्व निलंबित. रायफलवाल्यांची अर्धा इंची थाळी पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात. ते नाराज झाले, पण सभा सोडून गेले नाहीत.

सभेत कोणीतरी सरकारी अनुदानाचंही विचारलं. इथे लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के अबकारी कर बसतो. १९३७ च्या एका कायद्यामुळे तो राज्यांच्या वन्यजीव विभागांना जातो आणि त्यातून काही सार्वजनिक रेंज, म्हणजे नेमबाजीची मैदानंही उभी राहतात. आमचा क्लब खासगी. पॅनकेकच खरे.

स्टँडचं काम मात्र वेल्डर आजोबांकडेच गेलं, आणि ते त्यांनी झकास केलं. आमची रचना अशी: खाली अँगलचा पाया, त्यात चौकोनी खाच, खाचेत लाकडाचा टू-बाय-फोर उभा, वर ब्रॅकेट, त्यात प्लेट. लाकूड मुद्दाम. गोळी लागली तर ते फाटतं, गोळी परत पाठवत नाही, आणि नवं लाकूड दुकानात कुठेही मिळतं. इथे घर दुरुस्त केलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की टू-बाय-फोर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतो. त्यात ओलसर ट्रीटेड लाकूड फुगतं. आजोबांनी खाच जरा सैल ठेवली आणि बाजूने एक स्क्रू दिला. पायाच्या अँगलची धार नेमबाजाकडे केली, म्हणजे खाली गेलेली गोळी सपाट तोंडावर न बसता बाजूला घसरेल. मांडणीच्या जागेवरची खडी खरवडून काढली, रेती टाकली. पोलादावरून खाली गेलेल्या तुकड्याने खडा उडाला तर तोही लागतोच.

बोल्ट समोरून गोल डोक्याचा. षटकोनी नट नेमबाजाच्या बाजूला कधीही नाही. त्याच्या कोपऱ्यावरून तुकडा कुठे जाईल याचा नेम नाही. प्लेटच्या मागे स्प्रिंग, तिच्यामुळे प्लेट दणका लागल्यावर थोडी मागे दबते आणि परत येते. वरची बाजू पुढे झुकलेली. हे सगळं लिहायला दोन मिनिटं लागली, ठरवायला अख्खा हिवाळा गेला. मिशिगनमध्ये तसंही तेवढ्या काळात बाहेर काही करता येत नाही.

माल आला मालवाहू ट्रकने, पॅलेटवर पट्ट्या आवळून. भाडं प्लेटींच्या किमतीच्या मानाने इतकं होतं की खजिनदारांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही सूट लिहिली आहे का म्हणून. त्यातही खासगी घरी आणायचा तर वेगळे पैसे, उतरवायला हायड्रॉलिक फळी हवी तर वेगळे. क्लबाच्या कच्च्या रस्त्यावर एवढा मोठा ट्रक वळतच नाही. एका सभासदाच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट आहे, तिथे उतरवला. पट्टी कापायच्या आधी फोटो, मग मोजणी, मग पावतीवर सही. ड्रायव्हर घाईत होता. आम्ही नव्हतो. सही केल्यानंतर नग कमी निघाला तर भांडायला जागा राहत नाही, ही गोष्ट भोसरीच्या गेटवर शिकलोय. हातमोजे घालूनच उचला. लेझरने कापलेली कड ब्लेडसारखी असते. प्रत्येक प्लेटच्या मागे हीट नंबर पंच केलेला होता. टीसीशी जुळला. फोटो काढून भोसरीला पाठवला, तिकडून फक्त अंगठा आला.

वापराचे नियम खरेदीबरोबरच ठरवले. दहा यार्डांच्या आत कोणी उभं राहायचं नाही. डोळ्यांना चष्मा सगळ्यांना: नेमबाज, टायमरवाला, बघे, बायको-मुलं. आणि काडतुसांना चुंबक लावायचा. गोळीच्या आत पोलादी गाभा असेल किंवा तांब्याखाली पोलादाचं जॅकेट असेल तर चुंबक चिकटतो, अशी गोळी आमच्या प्लेटींवर चालत नाही. नोंदणीच्या टेबलावर चुंबक हवा होता, म्हणून आमच्या फ्रिजवरची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तिथे गेली. पहिल्याच स्पर्धेला एका पाहुण्याच्या खोक्याला ती टक्कन चिकटली. त्याचं म्हणणं, खोक्यावर तर तसं काही लिहिलेलं नाही. रेंज ऑफिसर म्हणाले, 'खोकं काय म्हणतं ते मला माहीत नाही, स्ट्रॉबेरी काय म्हणते ते दिसतंय.' त्याने कोणाकडून तरी दुसरी काडतुसं विकत घेतली आणि दिवसअखेर आपल्या गटात चांगला वरचा आला.

ज्याचा हिशोब सुरुवातीला कोणी धरत नाही तो खर्च म्हणजे रंग. एका नेमबाजाचं झालं की प्लेटी पुन्हा पांढऱ्या करायच्या, नाहीतर पुढच्याची गोळी कुठे लागली ते कळत नाही. साधा, स्वस्त, मॅट पांढरा स्प्रे. डबे खोक्यानेच आणावे लागतात. शिशाचं म्हणाल, तर त्याची बारीक धूळ उडते. खाण्यापिण्याआधी साबणाने हात धुवायचे, रेंजचे बूट घरात आणायचे नाहीत. हा दुसरा नियम अमेरिकन मित्रांना समजावून सांगावा लागतो, आपल्याकडे तो आजीपासून आहे.

हंगाम संपल्यावर प्लेटी धुऊन उन्हात पाहिल्या. रंगाखाली करडे डाग आहेत, हात फिरवला तर खळगा लागत नाही. मोठ्या आयतांपैकी एकीला अगदी हलका बाक आलाय, ती उलटी करून लावली. बोल्ट काही बदलावे लागले, टू-बाय-फोर पुष्कळ.

आता तरुण मंडळींना टेक्सास स्टार हवा आहे. चाकावर पाच प्लेटी. एक पाडली की तोल जातो आणि चाक फिरायला लागतं, मग उरलेल्या चार पळत्या. बघायला फार मजा येते, यात वाद नाही. पहिल्यांदा मीच विरोध केला, कारण पडलेल्या प्लेटी जमिनीवर आडव्यातिडव्या पडतात आणि खाली गेलेली गोळी त्यांच्यावरून कशीही उसळते. आता त्यांनी खाली रेतीचा खड्डा आणि जास्त अंतर, असा सुधारित प्रस्ताव आणलाय आणि वेल्डर आजोबा त्यांच्या बाजूने आहेत. कोटेशन आलंय. टीसी अजून आलेलं नाही.